लोकांचा उबग आणि शांततेची आशा

धुऱ्याचे भांडण म्हणजे काय प्रकरण असते, ते या भागातील श्रोत्यांना मी सांगावयास नको. हातभर रुंदीची जमीन, तिच्यावरची एखादी बाभूळ, आणि तेवढ्यासाठी आजोबाने लावलेला दावा नातवाने चालवावयाचा. वकिलाची फी, तारखांचे हेलपाटे आणि साक्षीदारांचा चहापाणी यांची बेरीज केली तर त्या पैशात केवढे तरी वावर विकत आले असते, हे दोन्ही घरांना ठाऊक असते. तरी भांडण चालते. आणि मग एखाद्या वर्षी ते मिटते. कोणाला एकाएकी न्यायबुद्धी सुचली म्हणून सहसा मिटत नाही. दोन्ही घरची माणसे उबगलेली असतात, आणि त्याच सुमारास एखादा मोजणीदार, एखादा सरपंच, दोघांचाही सोयरा असलेला कोणी गृहस्थ त्यांना बसावयास जागा करून देतो. या दोन गोष्टी एका वेळी जुळून याव्या लागतात. उबग आहे पण बसावयास जागा नाही, अशा वेळी माणूस एक तर गाव सोडतो, नाही तर कुऱ्हाड उचलतो.

इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्या भांडणाचा इतिहास आपण बहुधा युद्धांच्या सनावळीने वाचतो. १९४८, १९५६, १९६७, १९७३. मधूनमधून एखादा तह आणि एखादी खुर्ची सोडणारा पंतप्रधान. या सनावळीच्या खाली सामान्य लोकांच्या उबगाचा एक निराळा इतिहास वाहत आहे, आणि आशेला जागा असलीच तर ती तेथे आहे, असे माझे मत आहे. परंतु ते तपासण्यासाठी प्रथम आपल्याच राज्यातील एका गावाकडे जावे असे मला वाटते. तेथली भाषा आपल्याला कळते, आणि तेथला माल आपण अंगावर घालतो.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे गाव. मूळचे कोकणी मुसलमान आणि आगरी, उत्तरेकडून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आणि सूत पुरवून कापड उचलणारे व्यापारी, अशी तेथली वस्ती. नागपूरचे कोष्टी आणि मोमिनपुऱ्यातले मोमीन डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या वस्तीची कल्पना येईल. एकाचे सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याची मजुरी. हितसंबंध गुंतलेले असले म्हणजे माणसे भांडत नाहीत, असा एक सिद्धान्त पंडित लोक मांडतात. भिवंडीने तो खोटा ठरवला आहे. तेथे १९६४ पासून शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दरवर्षी ताण वाढत गेला, आणि ७ मे १९७० रोजी मिरवणुकीच्या दिवशीच दंगल पेटली. तिचे लोण जळगाव व महाड येथे पोचले. शंभराहून अधिक माणसे मेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने या प्रकरणाची जी चौकशी केली, ती आपल्याकडील दंगलींच्या वाङ्मयात आजही आधारभूत समजली जाते. पोलिसांच्या तपासातील पक्षपातावर आयोगाने स्पष्ट ठपका ठेवला. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. चौदा वर्षांनी, १९८४ च्या मे महिन्यात, भिवंडी पुन्हा पेटली. या खेपेस आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली आणि सर्व मिळून अडीचशेवर माणसे मारली गेली.

दंगलीनंतरचे भिवंडी कसे असते याचा विचार करावा. माग बंद असला तरी त्यावर काढलेल्या कर्जाचे व्याज बंद नसते. बिमावरचे सूत तसेच पडून राहते. मजूर गाडीला लोंबकळून मुलखाला जातो आणि परत येईल की नाही याचा भरवसा नसतो. व्यापारी आपले काम दुसऱ्या गावच्या मागांना देतो. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांचे दुःख तर या हिशेबात बसतच नाही. अशा गावात एक उबग साचतो, आणि त्याचे दोन प्रकार असतात. माझ्या मते सगळा प्रश्न येथेच आहे. एक माणूस म्हणतो, "या लोकांना मी विटलो." दुसरा म्हणतो, "या भांडणाला मी विटलो." दोघांची तोंडे सारखीच आंबट दिसतात, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पुष्कळदा तो त्या माणसालाही कळत नाही. सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरे. पहिल्या उबगाला गिऱ्हाईक तयार असते. प्रत्येक गावात त्याचा व्यापार करणारी मंडळी आहेत. दुसऱ्याला गिऱ्हाईक नसते, कारण त्याने निवडणूक जिंकता येते असे कोणाला वाटत नाही.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी जे केले ते दिसावयास किरकोळ होते. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून त्यांनी समित्या केल्या. त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. या समित्यांत हिंदू व मुसलमान सारख्या प्रमाणात घेतले, आणि ज्यांना गावात पुढारी म्हणतात त्यांना शक्य तो बाहेर ठेवले. समिती सांभाळावयाची ती त्या भागातील साध्या पोलिसाने. वरिष्ठ साहेब क्वचित यावयाचे. शांतता समिती नावाची जी वस्तू आपल्याकडे असते तिच्याशी हे ताडून पाहावे. ती दंगल झाल्यावर, किंवा सण तोंडावर आल्यावर, कचेरीत भरते. तीच ती सातआठ प्रतिष्ठित माणसे येतात, दोन्ही धर्मांची थोरवी सांगतात, बिस्किटे खातात आणि छायाचित्र काढून घरी जातात. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात महालाच्या बाजूस दंगल उसळली, कित्येक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि ती पुरती उठावयास २३ मार्च उजाडला. त्या दिवसांत दवाखान्यासाठी वा बाजारासाठी नागपूरला जाणारी कळमेश्वरची माणसे ज्या बातम्यांवर जगली, त्या बहुतेक हातातल्या फोनवर आलेल्या होत्या. "तुमच्या गल्लीत खरेच काय झाले?" हे विचारण्याइतकी ओळख पलीकडच्या गल्लीतील कितीजणांशी होती?

भिवंडीच्या समित्यांचे मर्म मला या ओळखीत दिसते. तेथे धर्मावर चर्चा होत नसे. नळावरची भांडणे, गटार, घरमालक आणि भाडेकरू, दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा, पोलीस ठाण्यात ज्यांची नुसती नोंद होते आणि पुढे काहीच होत नाही अशा तक्रारी तेथे येत. एकत्र बसून गटाराचा निकाल लावणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचे नाव, घर, धंदा आणि खोड्या ठाऊक होतात. पुढे मशिदीत अमुक झाले, देवळात तमुक झाले अशी आवई उठली म्हणजे ती कोणाला विचारून पाहावयाची, हे दोघांनाही माहीत असते. शिवाय एरवी केवळ बंदोबस्ताला काठी घेऊन येणारा पोलीस बैठकीला येऊन बसू लागला, हाही लहान फरक नव्हे. तरीसुद्धा मी म्हणेन की याच समित्या १९६५ मध्ये कोणी काढल्या असत्या तर त्या ओस पडल्या असत्या. लोक आले ते १९८४ ला विटले होते म्हणून. अधिकाऱ्याने उबग निर्माण केला नाही. त्याने सतरंजी अंथरली.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पडली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत जे घडले त्यात, श्रीकृष्ण आयोगाच्या गणतीप्रमाणे, ९०० माणसे मारली गेली. भिवंडी मुंबईच्या उशाशी आहे; जुन्या जखमा तेथे अधिक होत्या, आणि तिच्याकडेच सर्वांचे डोळे लागले होते. तेथे दंगल झाली नाही. खोपडे तोवर बदलून गेले होते आणि गुलाबराव पोळ उपायुक्त होते. परंतु समित्या जागेवर होत्या. अधिकारी बदलल्यावरही वस्तू टिकली, हे विशेष. पुढे मुंबईनेही जूलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा मंडळींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या काढल्या, त्यामागे हाच अनुभव होता.

येथे थांबलो असतो तर कथा गोड झाली असती. परंतु जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस यांच्यात झटापट झाली, गोळीबारात दोघे मेले, आणि नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. अठरा वर्षांपूर्वी ज्या साध्या शिपायाला सतरंजीवर बसवले होते, त्याच्याच वाट्याला हे आले. दोन समाजांत त्यावरून दंगल भडकली नाही, एवढे खरे. पण सतरंजी एकदा अंथरली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुरते, असा समज कोणी करून घेऊ नये.

आता इस्रायलकडे वळू. १९७३ च्या ऑक्टोबरात इजिप्त व सीरिया यांनी अचानक हल्ला केला तेव्हा सुवेझ कालव्याकाठची इस्रायली ठाणी एकामागून एक पडली. शेवटपर्यंत टिकले ते बुडापेस्ट नावाचे एकच. त्या ठाण्याचा नायक मोटी अश्केनाझी हा राखीव दलातील कॅप्टन. सुटका झाल्यावर, १९७४ च्या फेब्रुवारीत, तो एकटाच फलक घेऊन पंतप्रधानांच्या कचेरीसमोर जाऊन बसला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी जबाबदारी पत्करून जावे, एवढीच त्याची मागणी होती. त्याच्या भोवती हजारो माणसे जमली आणि एप्रिलमध्ये गोल्डा मायर यांनी राजीनामा दिला. हा उबग शांततेसाठी नव्हता. तो आपल्या सरकारच्या ढिलाईचा होता, आणि १९७७ च्या निवडणुकीत त्याचा लाभ मेनाकेम बेगिन यांच्यासारख्या कडव्या पुढाऱ्याला झाला. इतिहास सरळ रेषेत चालत नाही म्हणतात, त्याचे हे उदाहरण. कारण इजिप्तशी तह केला तो याच बेगिननी.

पलीकडच्या बाजूस, जानेवारी १९७७ मध्ये, इजिप्तच्या सरकारने भाकरी आणि इतर जिन्नसांवरील सवलत काढून घेतली तेव्हा कैरोपासून सगळीकडे लोक रस्त्यावर उतरले. सैन्य बोलवावे लागले आणि दोन दिवसांत दरवाढ मागे घ्यावी लागली. चार युद्धे लढलेल्या देशात भाकरी महाग झाली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अन्वर सादात जेरुसलेमला गेले. एकाचे कारण दुसरे असे मी गणिताप्रमाणे म्हणणार नाही; परंतु ज्या राज्यकर्त्याने जानेवारीत तो जमाव पाहिला, त्याला नोव्हेंबरातील विमानप्रवास कमी धोक्याचा वाटला असेल. पुढे वाटाघाटी रखडल्या तेव्हा, मार्च १९७८ मध्ये, इस्रायलच्या राखीव दलातील ३४८ अधिकारी व सैनिकांनी बेगिनना पत्र लिहिले की, विस्तारापेक्षा शांतता श्रेष्ठ माना. त्यातून 'शांतता आता' ही चळवळ उभी राहिली. सप्टेंबरात कॅम्प डेव्हिडचा करार झाला आणि १९७९ मध्ये तह. सिनाई इजिप्तला परत मिळाले. पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेची कलमे मात्र कागदावर राहिली, कारण त्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी नव्हतेच.

पॅलेस्टिनी लोकांचा उबग वेगळा मोजला पाहिजे, आणि तो का, हे आपल्याच माणसांच्या एका गोष्टीवरून कळते. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, ते १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. घरी मराठी बोलणारी, पेणकर-नागावकर अशा आडनावांची ही माणसे. पुढे त्यांनी तिकडून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. तेथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये असा दंडक घातला की बेने इस्रायलांचे लग्न इतरांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पिढ्या तपासाव्यात. आपण अस्सल यहुदी आहोत की नाही याची परीक्षा! दोन वर्षे अर्जविनंत्या झाल्या, आणि मग १९६४ च्या उन्हाळ्यात ही मराठी मंडळी मुलाबाळांसह जेरुसलेमला धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेने ठराव केला की ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि धर्मपीठाला आपल्या आज्ञेतून त्यांचे नाव काढावे लागले. त्यांच्या वैतागाला एक दार होते. ते नागरिक होते, मतदार होते. ज्या सरकारवर रागावले ते सरकार त्यांचे होते. जबालियाच्या छावणीतील माणूस ज्या सरकारच्या हुकमतीखाली राहत होता, त्या सरकारला त्याच्या मताची गरज नव्हती.

डिसेंबर १९८७ मध्ये गाझात एका लष्करी वाहनाच्या अपघातात चार मजूर मेले, आणि त्याच जबालियात पहिला इंतिफादा पेटला. वीस वर्षांचा साचलेला उबग होता. दगड फेकणारी मुले जगाने पाहिली. परंतु इतिहासकाराने पाहावे ते बेथलेहेमजवळच्या बेत साहूर या लहानशा गावाकडे. १९८९ मध्ये त्या गावाने इस्रायलला कर देण्याचे नाकारले. लष्कराने गावाला वेढा दिला, घराघरांतून सामान आणि कारखान्यांतून यंत्रे उचलून नेली. १९२८ च्या बार्डोलीची जप्ती ज्यांनी वाचली आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. या उठावाने इस्रायली घरातही प्रश्न नेला. दर वर्षी राखीव दलात हजेरी देणारा दुकानदार आणि शिक्षक घरी येऊन सांगू लागला की आम्हाला शाळकरी पोरांच्या मागे धावावयास लावतात. १९९२ मध्ये यित्झाक राबिन निवडून आले आणि १३ सप्टेंबर १९९३ रोजी ऑस्लोच्या करारावर सह्या झाल्या. दोन्हीकडचा उबग एका वेळी पिकला, असा हा एकच क्षण.

मग तो नासला का? १९९४ च्या फेब्रुवारीत हेब्रॉनच्या मशिदीत एका यहुदी वसाहतवाल्याने नमाज पढणारे २९ जण मारले. हमासने इस्रायली बसगाड्यांत बाँब फोडले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी शांततेच्याच सभेतून निघताना एका यहुदी तरुणाने राबिनना गोळ्या घातल्या. ही कारणे सर्व सांगतात, आणि ती खरी आहेत. मला आणखी एक दिसते. सह्या वर झाल्या, खाली मात्र सतरंजी कोणी अंथरलीच नाही. पॅलेस्टिनी माणसाला शांततेच्या वर्षांत वसाहती वाढताना आणि नाकी वाढताना दिसली. इस्रायली माणसाला फुटलेल्या बसगाड्या दिसल्या. दोघेही वाटाघाटींनाच विटले. २००० च्या सप्टेंबरात दुसरा इंतिफादा सुरू झाला; हजारावर इस्रायली आणि तीन हजारांच्या आसपास पॅलेस्टिनी त्यात गेले, आणि "आता त्यांच्याशी बोलणेच नको" हा उबग दोन्हीकडे पक्का झाला. त्यातही ज्यांची मुले या भांडणात मेली अशा दोन्हीकडच्या आईबापांनी एक मंडळ चालवले. शोकाच्या घरात एकमेकांकडे जाणारी ही माणसे संख्येने फार थोडी आहेत. भिवंडीच्या समितीसारखे काही त्या प्रदेशात असेल तर ते हेच. पण त्याच्या पाठीशी कोणत्याच ठाण्याचा शिपाई नव्हता.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली आणि २५० च्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या गणतीप्रमाणे, ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी होईपर्यंत ६७ हजारांवर माणसे मेली. एवढ्या संहारात उबगाची गोष्ट काढणे कित्येकांना उथळपणाचे वाटेल. तरी नोंद ही आहे की तेल अवीवमध्ये ओलिसांचे नातेवाईक शनिवारमागून शनिवार रस्त्यावर येत राहिले, आणि आपल्याच सरकारला युद्ध थांबवून माणसे परत आणावयास सांगत राहिले. आणि २५ मार्च २०२५ रोजी, म्हणजे नागपूरची संचारबंदी उठून दोनच दिवस झाले होते तेव्हा, गाझाच्या उत्तरेस बेत लाहिया येथे ढिगाऱ्यांमधून शेकडो माणसे चालत निघाली. हातात युद्ध थांबवा असे फलक होते, आणि हमासने चालते व्हावे अशा घोषणा होत्या. त्या घोषणा देणाऱ्याला वरून विमानाचे भय होते आणि शेजारून बंदुकीचे.

तेल अवीव ते बेत लाहिया हे अंतर नागपूरहून वर्ध्याला जावे त्याहूनही थोडे कमी आहे. या दोन जमावांपैकी कोणालाही दुसऱ्याकडे जाता येत नव्हते. मध्ये एरेझ नावाचे फाटक आहे. २०२३ मध्ये गाझातील सुमारे १८ हजार मजुरांजवळ इस्रायलमध्ये जाऊन काम करण्याचे परवाने होते. पहाटे ते या फाटकाशी रांगा लावीत, पलीकडे शेतांत आणि बांधकामांवर मजुरी करीत आणि पैसे घेऊन परत येत. ७ ऑक्टोबरचा हल्ला ज्या ठिकाणांवर झाला त्यांत हे फाटकही होते, आणि मजुरांसाठी ते त्या दिवशी बंद झाले.